सीएनसी-व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या, धातू कापायच्या मशिनींचं) काम शोधताय, की शॉपसाठी माणूस शोधताय? दोघांसाठी एकच सविस्तर लेख

मला दर आठवड्याला दोन प्रकारचे फोन येतात. एक गावाकडच्या कुणाच्या तरी पोराचा, "काका, आयटीआय झालंय मशिनिस्ट, कुठं लागतंय का बघा ना", आणि दुसरा पुण्याजवळच्या भोसरीतल्याच एखाद्या मशीन शॉपवाल्याचा, "दादा, ऑपरेटर आहे का कुणी, दोन मशिनी उभ्यात माझ्या". म्हणजे इकडं मशीन उभी आणि तिकडं पोरगा घरी बसलेला, आणि मधे फक्त तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर. मी स्वतः टर्नर (लेथवरचा कारागीर) म्हणून सुरुवात केली, हेल्परचं कामपण केलं, आता बारा-चौदा माणसांचं छोटं जॉबवर्कचं (दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग बनवून द्यायचं) शॉप चालवतो, त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. हे सगळं एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

माझं म्हणणं एकच आहे. या धंद्यात कागद आणि गप्पा यावर माणूस कळत नाही, हातात जॉब (मशीनवर बनवायचा भाग) आणि व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) दिला की दहा मिनिटांत कळतो. शोधणाऱ्यानं आपलं काम दाखवायची तयारी करायची, आणि घेणाऱ्यानं ते बघायची तसदी घ्यायची. बाकी सगळं याच्या भोवतीच फिरतं.

आधी काम शोधणाऱ्यांसाठी

पायरी १: आपल्याला नक्की काय येतं ते ठरवा

"सर, कुठलंही काम चालेल" हे वाक्य कृपा करून बोलू नका. मला माहितीय की गरज असते, घरी पैसे पाठवायचे असतात, पण हे ऐकल्यावर समोरच्याला तुम्हाला कुठं उभं करावं तेच समजत नाही, मग तो तुम्हाला हेल्पर म्हणूनच घेतो. शॉपमधल्या जागा ढोबळ मानानं अशा असतात: हेल्पर (लोडिंग-अनलोडिंग, बर म्हणजे कापल्यावर कडेला राहणारी धार काढणं, साफसफाई), ऑपरेटर (जॉब लावतो, सायकल म्हणजे एका जॉबचा मशीनवरचा पूर्ण फेरा चालवतो, माप घेतो, ऑफसेट मारतो म्हणजे मापातला फरक मशीनमध्ये भरतो), सेटर (नवीन जॉबचं सेटिंग करतो, टूल लावतो, पहिला पीस पास करून देतो), प्रोग्रामर, आणि क्वालिटीतला इन्स्पेक्टर. आयटीआय करून पहिल्यांदा बाहेर पडलेला पोरगा शिकाऊ ऑपरेटर असतो, त्यात कमीपणा काही नाही, फक्त तसं स्पष्ट सांगा. "सेटिंग येतं" म्हणून आलेल्या पोराला जी ५४ (प्रोग्राममधला, जॉबचा झिरो ठरवणारा कोड) म्हणजे काय विचारलं आणि त्याला सांगता आलं नाही की मग त्याला जे खरंच येत असतं त्यावरही विश्वास बसत नाही.

पायरी २: बायोडाटा एका पानाचा, पण कामाचा

माझ्याकडं येणाऱ्या बायोडाटात वरती फोटो, मग वडिलांचं नाव, मग 'आवड: क्रिकेट, वाचन', आणि शेवटी 'वरील माहिती सत्य आहे'. काम काय येतं तेच नसतं! त्याऐवजी हे लिहा:

- ट्रेड, आयटीआयचं गाव, पास झाल्याचं वर्ष. अप्रेंटिसशिप केली असेल तर ती वेगळी लिहा, तिला वजन आहे.
- कुठल्या मशिनीवर काम केलं: सीएनसी टर्निंग (यात जॉब फिरतो) की व्हीएमसी (यात टूल फिरतं), आणि कंट्रोलर (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) कुठला, फानुक की सीमेन्स.
- कुठलं मटेरियल कापलं: एमएस (साधं पोलाद), ईएन ८ (त्याहून कडक पोलाद), कास्ट आयर्न, ॲल्युमिनियम, एसएस (स्टेनलेस स्टील). ॲल्युमिनियमवर हात बसलेला माणूस एसएसवर गेला की त्याला वेळ लागतो, हे आम्हाला माहिती असतं, तुम्ही आधीच लिहिलं तर बरं वाटतं.
- कुठली मापाची साधनं वापरता येतात: व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज (आतल्या भोकाचं माप घ्यायचं साधन), हाइट गेज, डायल.
- किती टॉलरन्सचं (मापात चालणारा फरक) काम केलंय. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. "५० मायक्रॉनमध्ये रेग्युलर, २० मायक्रॉनमध्ये सेटरच्या देखरेखीखाली" असं एखादं वाक्य लिहिलेला बायोडाटा मी बाजूला काढून ठेवतो.

फोन नंबर चालू असलेला द्या. हे सांगायला लागतंय कारण निम्म्या बायोडाटांवरचा नंबर बंद असतो, पोरानं सिम बदललेलं असतं. आणि आपण केलेल्या जॉबचे फोटो दाखवायचे असतील तर आयटीआयमधले किंवा स्वतःच्या प्रॅक्टिसचे दाखवा, आधीच्या कंपनीचं ड्रॉइंग मोबाइलमध्ये घेऊन फिरू नका. कस्टमरचं ड्रॉइंग बाहेर दाखवणारा माणूस उद्या माझंही दाखवेल, हा विचार कुठलाही मालक करतोच.

पायरी ३: शोधायचं कुठं आणि कधी

सगळ्यात जास्त जागा अजूनही ओळखीनं भरतात. म्हणजे वशिला नाही, तर आत काम करणाऱ्या कुणीतरी "माझ्या गावचा एक आहे, बरा आहे" असं सांगणं. त्यामुळं तुमच्या आयटीआयच्या बॅचचा ग्रुप, निदेशक सर, रूमवरची पोरं यांना आपण काम शोधतोय हे नीट सांगून ठेवा, लाजू नका.

दुसरं, अप्रेंटिसशिप. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक आहे. केंद्राच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदणी करा. स्टायपेंड पगारापेक्षा कमी असतो म्हणून पोरं नको म्हणतात, पण चांगल्या कंपनीतलं एक वर्ष आणि त्याचं सर्टिफिकेट पुढची दहा वर्षं उपयोगी पडतं, हे मी अनुभवानं सांगतोय.

तिसरं, राज्य सरकारचं महास्वयम पोर्टल आणि जिल्ह्याजिल्ह्यात होणारे रोजगार मेळावे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, ती पण याच पोर्टलवरून, आयटीआय आणि डिप्लोमावाल्यांना महिन्याला ८,००० रुपये विद्यावेतन असं तिचं स्वरूप आहे. ते प्रशिक्षण आहे, कायमची नोकरी नाही, हे डोक्यात ठेवून जा म्हणजे नंतर वाईट वाटत नाही.

चौथं, सरळ गेटवर जाणं. हे अजून चालतं. भोसरी, तळवडे, चाकणकडं महाळुंगे, निघोजे, कुरुळी या भागात छोट्या शॉपच्या गेटवरच 'ऑपरेटर पाहिजेत' अशी पाटी असते आणि ती कुठल्याच ॲपवर नसते. फक्त एक लक्षात ठेवा, भोसरी-पिंपरी एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीनं येऊन गुरुवारी सकाळी बंद गेटसमोर उभी राहिलेली पोरं मी पाहिलीत, दिवस आणि भाडं दोन्ही वाया. सकाळी दहा ते बारा जा, शिफ्ट बदलायच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सुपरवायझरला मान वर करायला वेळ नसतो.

कधी जायचं म्हणाल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे. बोनस हातात पडला की बरीच पोरं गावी जातात आणि त्यातली काही परत येतच नाहीत, किंवा दुसरीकडं लागतात, त्यामुळं त्या काळात शॉपमध्ये जागा निघतात. लग्नसराईत, एप्रिल-मेमध्येही तसंच होतं.

पायरी ४: पैसे मागणाऱ्यापासून लांब

इथं जरा थांबून सांगतो कारण यात गरीब घरची पोरं लुटली जातात आणि मला त्याचा फार राग येतो. नोकरी देणारा कधीही तुमच्याकडून पैसे घेत नाही. फॉर्म फी, गेटपास, युनिफॉर्मचं डिपॉझिट, मेडिकलचे आगाऊ पैसे, "जॉइन झाल्यावर परत मिळतील", हे सगळं खोटं. मोठ्या वाहन कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्का मारलेलं ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर येतं, मुलाखत झालेलीच नसते, आणि खाली क्यूआर कोड असतो. आमच्या नात्यातल्या एका मुलानं असेच साडेचार हजार भरले होते, ते त्याच्या आईनं बचत गटातून उचललेले होते. मुलाखत न घेता नोकरी मिळत नाही आणि कंपनी स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून पत्र पाठवते, जीमेलवरून नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरला फोन करा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे ती, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त.

पायरी ५: पगार विचारताना चार प्रश्न

पगाराचं बोलायला पोरं घाबरतात, मग पहिल्या महिन्याला स्लिप बघून भांडतात. आधीच विचारा, नम्रपणे पण स्पष्ट.

पहिला प्रश्न, किती तासांचे? जाहिरातीत '२५,००० पगार' असतो आणि तिथं गेल्यावर कळतं की १२ तासांचे. आता हिशोब करा. साध्या दरानं धरलं तरी ८ तासांचे १६,६६६ होतात. आणि कायद्याप्रमाणे जादा तासांना दुप्पट दर असतो, तसं धरलं तर ८ तास अधिक ४ चे दुप्पट म्हणजे १६ भाग, मूळ पगार निघतो १२,५०० रुपये! म्हणजे शेजारच्या शॉपमध्ये ८ तासांचे १८,००० मिळत असतील तर तो २५ वाल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

दुसरा, ग्रॉस (कपातीआधीचा पगार) किती आणि हातात किती? समजा ग्रॉस २०,००० आहे, त्यातला बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,०००. पीएफ १२ टक्के म्हणजे १,६८० कापले जाणार, ईएसआय (कामगार विमा) ०.७५ टक्के म्हणजे १५०, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००, आणि महिलांना २५,००० पर्यंत नाही). हातात येणार १७,९७०. हे कापलेले पैसे वाया जात नाहीत, पीएफमध्ये मालकाचेही १२ टक्के पडतात आणि ईएसआयमध्ये ३.२५ टक्के. मशीन शॉपमध्ये बोटाला लागणं, डोळ्यात चिप जाणं हे कधीही होऊ शकतं, त्या दिवशी ईएसआयचं कार्ड काय कामाचं असतं ते ज्याच्यावर वेळ आलीय त्याला विचारा. "पीएफ नको, हातात सगळे द्या" म्हणणाऱ्या पोरांना मी समजावून सांगतो, पण खरं तर हे कुणीतरी आयटीआयतच सांगायला पाहिजे.

तिसरा, पेरोल कुणाचा? कंपनीचा की कॉन्ट्रॅक्टरचा. कॉन्ट्रॅक्टरकडं लागू नये असं नाही, सुरुवात बऱ्याच जणांची तिथूनच होते, पण नेमणूक पत्रावर कुणाचं नाव आहे, पीएफ कुठल्या कोडवर भरला जातो हे माहिती पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक आहे, तेव्हा मागायला संकोच करू नका.

चौथा, पगार कुठल्या तारखेला होतो? एवढंच विचारायचं. उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर समजून घ्या. जमलं तर गेटबाहेर चहाच्या टपरीवर तिथल्याच एखाद्या कामगारालाही हाच प्रश्न विचारा, तो खरं सांगतो.

आता शॉपवाल्यांसाठी

मी सुरुवातीला माणसं कशी घेत होतो ते आधी सांगतो. केबिनमध्ये बसवायचं, चहा मागवायचा, कुठं काम केलं, किती वर्षं केलं, गाव कुठलं, लग्न झालंय का, झाली मुलाखत. असाच एक आठ वर्षांच्या अनुभवाचा ऑपरेटर घेतला होता. बोलायला इतका छान की मी त्याला दुसऱ्या दिवशीच यायला सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात नाइटला त्यानं टूल बदललं, लेंथ ऑफसेट (नव्या टूलची लांबी) परत घेतला नाही, सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ थांबून) न चालवता थेट सायकल स्टार्ट मारली, आणि होल्डर (टूल धरणारा भाग) फिक्स्चरवर (जॉब धरणाऱ्या भागावर) आदळला. स्पिंडल (टूल फिरवणारा मुख्य भाग) गेला. मशीन नऊ दिवस बंद, कस्टमरचा माल अडकला, ते सगळं निस्तरायला मला पुढचे चार महिने लागले. त्या माणसाचा राग आला होता, पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की मी त्याला मशीनसमोर एकदाही उभं केलं नव्हतं. तेव्हापासून पद्धत बदलली.

पायरी १: जाहिरात द्यायच्या आधी काम लिहून काढा

'अनुभवी ऑपरेटर पाहिजे' याला काही अर्थ नाही. कागद घ्या आणि लिहा: हा माणूस रोज काय करणार? माझ्याकडं मागच्या वेळी असं निघालं: दोन व्हीएमसी, ॲल्युमिनियमची हाउसिंग, रिपीट जॉब, सेटिंग सेटर करून देणार, ऑपरेटरनं दर दहा पीसला माप घेऊन नोंद करायची, ऑफसेट २० मायक्रॉनपर्यंत स्वतः मारायचा, त्याच्या वर गेला तर सेटरला बोलवायचं. हे लिहिल्यावर लक्षात आलं की मला पाच वर्षांचा अनुभव लागतच नाही, मापाला पक्का आणि नोंद ठेवणारा फ्रेशर चालेल. पाच वर्षांचा घेतला असता तर त्याला तीन महिन्यांत कंटाळा आला असता आणि तो गेला असता.

जाहिरातीत पगाराचा आकडा, तास, सुट्टीचा वार, ठिकाण, पीएफ-ईएसआय आहे की नाही, हे सगळं लिहा. 'पगार योग्यतेनुसार' लिहिलं की पन्नास फोन येतात आणि त्यातले पंचेचाळीस आकडा ऐकून ठेवून देतात, तुमचाही वेळ जातो आणि त्यांचाही.

पायरी २: फोनवर पाच मिनिटं

फोनवर फक्त तेवढंच विचारायचं ज्यावरून त्याला भाडं खर्चून बोलवायचं की नाही ते ठरेल. सध्या राहायला कुठं आहे, नाइट शिफ्ट जमेल का, कुठल्या कंट्रोलरवर हात आहे, कधीपासून येऊ शकतो. चाकणला राहणारा माणूस भोसरीत सेकंड शिफ्टला येतो म्हणाला तरी रात्री साडेअकराला परत जाणार कसा, हे त्याच्यासोबतच बोला, कारण पहिल्या उत्साहात तो हो म्हणतो आणि पंधरा दिवसांत दमतो.

पायरी ३: मशीनपाशी मुलाखत

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सविस्तर.

माझ्याकडं एक बुश (नळीसारखा गोल भाग) ठेवलेलं आहे, बोअर (आतलं भोक) २५ एच ७. म्हणजे माप २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये पाहिजे, २१ मायक्रॉनचा खेळ. त्याचं ड्रॉइंग, ते बुश आणि एक व्हर्निअर टेबलावर ठेवतो आणि एवढंच म्हणतो, "हा पीस पास आहे की रिजेक्ट, सांग".

मग गप्प बसून बघायचं. पोरगा आधी व्हर्निअरचे जॉ पुसतो का? बंद करून झिरो बघतो का? बुशच्या आतल्या कडेवर मी मुद्दाम थोडी बर ठेवलेली असते, त्याला ती बोटाला लागते का? ड्रॉइंग आधी बघतो की पीस आधी उचलतो? आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: व्हर्निअरचा लीस्ट काउंट (त्यानं मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन, आणि टॉलरन्सच २१ मायक्रॉनचा. या व्हर्निअरनं हा बोअर पास-रिजेक्ट ठरवताच येत नाही! याला बोअर गेज पाहिजे नाहीतर गो-नोगो प्लग गेज (एक टोक भोकात जायला पाहिजे, दुसरं जायला नको). बहुतेक जण माप घेतात आणि छातीठोकपणे "पास आहे सर" सांगतात. त्यात आठ-दहा वर्षांचे अनुभवी पण असतात.

दोन वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातला एक पोरगा आला होता, आयटीआय होऊन सहा महिने झालेले, चप्पल घालूनच आला होता बिचारा. त्यानं जॉ शर्टाच्या टोकाला पुसले, झिरो बघितला, माप घेतलं, परत घेतलं, मग बुश जरा फिरवून तिसऱ्यांदा घेतलं, आणि खाली ठेवून म्हणाला, "सर, यानं नाही सांगता येणार. बोअर गेज लागेल. पण मला बोअर गेज नीट वापरता येत नाही, आयटीआयत एकदाच बघितलाय." मी त्याला त्याच क्षणी घेतला. बोअर गेज शिकवायला एक दुपार लागली. आपल्याला काय कळत नाहीये हे ओळखून तसं तोंडावर सांगायचं, हे मात्र मी कुणाला एका दुपारीत शिकवू शकत नाही. आज तो सेटिंग करतो.

अनुभवी माणसासाठी यापुढं अजून दोन गोष्टी. एक, दहा-बारा ओळींचा छापलेला प्रोग्राम देतो, त्यात स्पिंडल चालू करायचा एम ०३ टाकलेलाच नसतो, "चालवायच्या आधी वाच" म्हणतो आणि चूक सापडते का बघतो. दोन, तोंडी विचारतो: "शेवटचा तुझ्याकडून बाद झालेला जॉब कुठला? काय झालं होतं? मग काय केलं?" खरं काम केलेल्या माणसाकडून जॉब बाद होतोच, तो टूल, मटेरियल, माप सगळं सांगतो, कधीकधी हातानं दाखवतो. "माझ्याकडून कधी रिजेक्शन झालंच नाही" म्हणणाऱ्याला मी घेत नाही.

सगळ्यांना तेच बुश, तोच प्रोग्राम, तेच प्रश्न, आणि त्याच दिवशी वहीत लिहायचं. नाहीतर सोमवारचा माणूस शनिवारी आठवत नाही आणि मग आपण गावचा, ओळखीचा, चांगला बोलणारा अशाच गोष्टींवर घसरतो. माझ्या सेटरलाही मी वेगळं लिहायला लावतो, आणि दोघांचं जुळलं नाही तर त्याचं म्हणणं आधी ऐकतो, कारण रोज त्यालाच त्या माणसाबरोबर उभं राहायचंय.

एक सावधगिरी: ट्रायलच्या नावाखाली अनोळखी माणसाला चालू मशीन ऑटोवर चालवायला देऊ नका. त्याला लागलं तर जबाबदारी तुमची, आणि त्याला ना ईएसआय ना काही. माप, ड्रॉइंग, प्रोग्राम वाचणं, फार तर सेटर शेजारी उभा असताना हँडल मोडमध्ये (हातानं हळूहळू फिरवून) टूल जॉबपर्यंत आणणं, एवढ्यात सगळं कळतं. आणि पूर्ण दिवस थांबवून प्रॉडक्शन काढून घेत असाल तर त्या दिवसाचा पगार द्या. फुकट ट्रायल घेणाऱ्या शॉपचं नाव पोरांच्या ग्रुपवर दोन दिवसांत सगळीकडं होतं.

पायरी ४: खात्री करा, पण माणसासारखी

अनुभवाचं सर्टिफिकेट शंभर रुपयांत छापून मिळतं. त्यापेक्षा उमेदवाराला सांगा की तुझ्याच मोबाइलवर उमंग हे सरकारी ॲप उघड आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी दाखव, कुठं किती महिने होता ते दिसतं. पीएफ नसलेल्या छोट्या शॉपमध्ये काम केलेलं असेल तर तिथल्या सुपरवायझरला फोन करा, आणि "कसा माणूस आहे" न विचारता "परत घ्याल का त्याला?" एवढंच विचारा. आधार कार्डावर वय १८ पूर्ण आहे का ते नक्की बघा, आयटीआय करून आलेली काही पोरं अजून सतराची असतात. सध्या काम करत असलेल्या ठिकाणी त्याला न विचारता फोन करू नका, त्याची आहे ती नोकरी जाईल.

मुलींबद्दल. आयटीआय आणि डिप्लोमा केलेल्या मुली आता येतात, पण आपणच त्यांना घेत नाही. मीपण घेत नव्हतो, कारण शॉपमध्ये वेगळं टॉयलेट नव्हतं, आणि हे कारण आहे हेसुद्धा मी कधी मोठ्यानं बोललो नव्हतो. दोन वर्षांपूर्वी ते बांधलं आणि इन्स्पेक्शनला दोघी घेतल्या. मापाच्या नोंदी इतक्या स्वच्छ आधी कधीच नव्हत्या, कस्टमरच्या ऑडिटला सरळ त्यांच्या वह्या ठेवतो.

पायरी ५: पहिला महिना

माणूस घेतला म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक सोडून जाणारे पहिल्या तीस दिवसांतच जातात, आणि कारण पगार नसतं. रूम मिळालेली नसते, मेसचं जमत नाही, किंवा पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सगळ्यांसमोर शिवी दिलेली असते. मी आता काय करतो, नवीन आला की आधी त्याच्या राहण्याचं विचारतो, आमच्याच पोरांच्या रूमवर जागा असेल तर बोलून देतो. पहिला पगार यायला महिना-दीड महिना जातो आणि रूमचं डिपॉझिट आधीच भरावं लागतं, म्हणून दुसऱ्या आठवड्यात थोडा ॲडव्हान्स स्वतःहून देतो. आत्तापर्यंत त्यात फक्त एकदा पैसे बुडाले.

शिकवायला एकच माणूस नेमून द्या. तीन जण तीन प्रकारे सांगतात आणि पोरगा गोंधळतो. पहिल्या आठवड्यात फक्त माप आणि सेफ्टी, दुसऱ्यात लोडिंग आणि सायकल, तिसऱ्यापासून ऑफसेट, तोही सेटरला दाखवून. पंधराव्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर बसतो, काय जमतंय, काय नाही, काही त्रास आहे का. हे बोलणं केबिनमध्ये नको, मशीनपाशीच, तिथं पोरं मोकळं बोलतात.

अप्रेंटिस घेता येत असतील तर जरूर घ्या. केंद्राच्या प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं, आणि अप्रेंटिसला पीएफ-ईएसआय लागू होत नाही. पण स्वस्त हेल्पर म्हणून वर्षभर त्याला झाडू मारायला लावणार असाल तर घेऊ नका, त्या पोराचं एक वर्ष जातं ते परत येत नाही.

सोडताना: दोघांसाठी

न सांगता सोडायचं नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी फोन बंद, हे एमआयडीसीत इतकं होतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय, पण पिंपरी-चिंचवडमधले शॉपवाले एकमेकांना ओळखतात आणि तो "परत घ्याल का" वाला फोन तुमच्याबद्दलही होणार असतो. नेमणूक पत्रात नोटीस किती दिवसांची आहे बघा, लेखी राजीनामा द्या, व्हॉट्सॲपवर दिलात तरी स्क्रीनशॉट ठेवा. मालकांनीही हिशोब अडवून ठेवू नये, रिलीव्हिंग आणि अनुभवाचं पत्र वेळेत द्यावं, गेलेला पोरगा दोन वर्षांनी जास्त शिकून परत आल्याची उदाहरणं माझ्याकडं आहेत.

नवीन ठिकाणी लागलात की जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर द्या, नवा काढू नका, आणि पीएफ काढून न घेता ट्रान्सफर करा. त्याआधी पोर्टलवर जाऊन जुन्या कंपनीनं सोडल्याची तारीख टाकलीय का ते बघा. ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो. कंपनी टाकत नसेल तर शेवटचा पीएफ भरल्यानंतर दोन महिन्यांनी ती तारीख तुम्हाला स्वतःलाही टाकता येते, फक्त आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे, कारण ओटीपी त्याच्यावरच येतो.